दप्तर, मराठी : व्यवस्था व परिभाषा

राज्याचे, संस्थेचे किंवा घराण्याचे लेखी व्यवहार ज्या जागी ठेवले जातात ती जागा, ज्या रीतीने ठेवले जातात ती रीत आणि प्रत्यक्ष ते कागद या तिन्ही गोष्टींना मराठीत ‘दप्तर’ ही एकच संज्ञा आहे. शाळकरी मुलाच्या पाठीवरील पिशवीलाही हाच शब्द लावतात, हे त्या शब्दाच्या दीर्घ संसाराचे लक्षण होय. मूळ शब्द ग्रीक ‘दिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. लेखनासाठी कातडे वापरले जाई, त्यावरून तो फार्सीत ‘दफ्तर’ या रूपाने आला व दक्षिणेतील मुसलमानी राजवटींच्या कारभारातून मराठीत रुजला. इंग्रजी ‘फाइल’ या शब्दाचा उगमही असाच एका साध्या वस्तूत आहे. लॅटिन ‘फिलुम’ म्हणजे धागा. कागद ज्या दोऱ्यात ओवून ठेवीत त्या दोऱ्याचे नाव पुढे कागदांच्या समूहाला मिळाले. एका भाषेत कातडे व दुसरीत दोरा यांच्यापासून निघालेल्या या दोन शब्दांची गाठ एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखातील कचेऱ्यांतून पडली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती संगणकात कायम झाली. मानवी आज्ञेवरून स्वतः कामे करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी आता स्वतंत्र संचिका-व्यवस्था रचल्या जात आहेत. त्यांच्या परिभाषेत उद्‌भवणारे बरेचसे प्रश्न मराठी दप्तरखान्याने पूर्वीच हाताळलेले आहेत. कोणता कागद अस्सल, कोणी लिहिला, कोणाच्या अधिकाराने लिहिला, तो कोठे सापडेल आणि कोणी नष्ट करावा, हे ते प्रश्न होत.

राजव्यवहारकोश : दप्तरी परिभाषेचा पहिला जाणीवपूर्वक विचार शिवकाळात झाला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर (१६७४) त्यांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांच्या नावावर असलेला राजव्यवहारकोश सिद्ध झाला. राज्यकारभारातील फार्सी व अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू होता. त्यातील दहा वर्गांपैकी एक वर्ग ‘लेखनवर्ग’ या नावाचा आहे. लेखन व दप्तर यांच्या शब्दांना राज्य, दुर्ग, शस्त्रे व पण्य यांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. या काळात पेशव्यास प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनीसास सचिव, वाकनीसास मंत्री व डबीरास सुमंत अशी नावे मिळाली. तथापि हुद्द्यांची नावे जशी आज्ञेने बदलली, तशी हाताखालच्या वस्तूंची बदलली नाहीत. कागद कागदच राहिला, शाई शाईच राहिली. दप्तर, कीर्द, फर्द, रुमाल, शिक्का हे शब्द पुढे पेशवाईतही जसेच्या तसे चालू राहिले आणि हुद्द्यांतही फडणीस, चिटणीस, पोतनीस हेच प्रबळ ठरले. परिभाषा घडविणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या हुद्द्यांच्या व्युत्पत्तीतच कामाची वाटणी दिसते. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फर्द म्हणजे सुटा कागद. तो लिहिणारा फर्दनवीस, त्याचा फडणीस झाला. घडलेल्या घटनांची टाचणे ठेवणारा तो वाकनीस. मजमुआ म्हणजे समुच्चय, बेरीज. ती सांभाळणारा मुजुमदार. पत्रव्यवहाराचा मसुदा तपासून त्यावर आपली निशाणी करणारा सुरनीस, तर पत्रे लिहिणारा चिटणीस. म्हणजे घटनांची नोंद, हिशेबाची नोंद, पत्राचे लेखन व पत्राची तपासणी ही चार कामे चार निरनिराळ्या हातांत होती. शिवकालीन मध्यवर्ती दप्तर आज उपलब्ध नाही. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या व १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला आणि त्या राज्याची बहुतेक कागदोपत्री माहिती आज किल्ल्याबाहेर राहिलेल्या पत्रांवरून, म्हणजे ज्यांना ती पाठविली गेली त्यांच्या घरच्या दप्तरांवरून, मिळवावी लागते. मध्यवर्ती संग्रह नष्ट झाला तरी विखुरलेल्या प्रती टिकतात, याचे याहून ठळक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात नाही.

हुजूर दप्तर : पेशव्यांच्या मध्यवर्ती कचेरीस हुजूर दप्तर म्हणत. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब (कार. १७४०–६१) व थोरले माधवराव (कार. १७६१–७२) यांच्या काळात तिला नीट घडी बसली व नाना फडणीसांनी (१७४२–१८००) ती पूर्णत्वास नेली. तिचे दोन मुख्य भाग होते. एक चालते दप्तर व दुसरे एकबेरीज दप्तर. चालते दप्तर थेट फडणीसाच्या हाताखाली असे व त्यात फड, बेहेडा व सरंजाम अशा शाखा होत्या. हुकूम, सनदा व देणग्या फडातून सुटत. सर्व हिशेब प्रथम तेथे येत व रोजकीर्दही तेथेच लिहिली जाई. बेहेडा शाखेत जिल्ह्यांच्या व गावांच्या जमाखर्चाची, तर सरंजाम शाखेत लष्करी नेमणुकांची कागदपत्रे येत. एकबेरीज दप्तराचे काम निराळे होते. चालत्या दप्तरातून आलेले सर्व हिशेब तेथे बाबवार लावीत, खतावण्या तयार करीत आणि वर्षाअखेर राज्याच्या एकूण जमेचा व खर्चाचा ‘तर्जुमा’ काढीत.

या विभागणीतील मर्म कामाच्या वाटणीपेक्षा जागेच्या नियमात आहे. चालते दप्तर फडणीसाबरोबर स्वारीत हलू शके. एकबेरीज दप्तर पुण्याबाहेर जात नसे. छावणीत पाऊस, आग किंवा लूट यांमुळे चालत्या कागदांचे काही झाले, तरी तोवरची बेरीज पुण्यात शाबूत राही. उलट, स्वारीतील नित्याच्या घाईगर्दीचा उपद्रव स्थिर संग्रहाला होत नसे. आजच्या संगणकीय व्यवस्थेत कामाची प्रत व स्थिर भांडार वेगळे ठेवण्याचा जो नियम आहे, त्याचे बीज हेच होय. पेशवाईतील कारकुनांना त्याचे तत्त्व म्हणून काही वाटले असेल असे नाही. गैरसोयी टाळता टाळता त्यांनी ते गाठले.

सुभ्याच्या पातळीवर दरखदारांची योजना होती. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस हे आठ दरखदार मामलेदाराच्या हाताखाली काम करीत. परंतु त्यांची नेमणूक हुजुरातून होत असल्याने त्यांना काढण्याचा अधिकार मामलेदारास नसे. फडणीस रोजचा जमाखर्च टिपी, दप्तरदार त्यावरून खतावणी करून दरमहा गोषवारा हुजुरास पाठवी, चिटणीस पत्रे लिही व दिवाणाची निशाणी झाल्यावाचून ती सुटत नसत. एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या नजरेखालून गेले पाहिजे आणि तपासणाऱ्याची चाकरी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसावी, हे यातील सूत्र. लाचलुचपत त्यामुळे थांबली असे नव्हे. मात्र एखादी लबाडी पचवायची तर अनेकांना सामील करून घ्यावे लागे.

कागदावरील खुणा : मराठी पत्राच्या मुख्य मजकुरापेक्षा त्याच्या कडेच्या व पाठीवरच्या खुणांना दप्तराच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे. पत्राच्या माथ्यावर शिक्का व शेवटी मोर्तब असे. मोर्तबाची ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे मजकूर येथे संपला असे जाहीर करीत, म्हणजे त्याखाली कोणी एक ओळ वाढविली तरी ती आज्ञेचा भाग ठरत नसे. लांबलचक कागद अनेक बंद चिकटवून केला असेल तर जोडावर पाठीमागून शिक्के उठवीत, त्यामुळे मधला बंद काढून दुसरा घालणे अवघड होई. पत्र नोंदीत आले की त्यावर ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ यांसारखे शेरे पडत, ताळा जमला की ‘रुजू’ हा शब्द येई. आलेल्या पत्रावर ‘पैवस्ती’ घालून पोहोचल्याचा दिवस लिहीत. त्यामुळे लिहिल्याची तारीख व मिळाल्याची तारीख अशा दोन तारखा एकाच कागदावर आढळतात. इतिहाससंशोधकांना घटनाक्रम लावताना या दुसऱ्या तारखेचा फार उपयोग झाला आहे. तारखेपूर्वीचा ‘छ’ म्हणजे चंद्र. महिना हिजरी, वर्ष बहुधा शुहूर. एका कागदावर तीन कालगणना आल्या म्हणजे वाचकाची परीक्षाच होते.

या शब्दांपैकी ‘बार’ हा आजही जिवंत आहे. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत आवकजावक टपालाच्या वहीस ‘बारनिशी’ म्हणतात. बारनिशीत क्रमांक पडल्याखेरीज अर्ज कचेरीत आला असे मानीत नाहीत, हा अनुभव सामान्य नागरिकास चांगलाच परिचयाचा आहे. मूळ कागदास ‘असल’ व त्यावरून केलेल्या प्रतीस ‘नक्कल’ किंवा ‘तालीक’ म्हणत. तालीक ही केवळ उतारा नव्हे. कोणत्या असलावरून ती केली याचा संबंध तिच्यात धरलेला असे. नुसती नक्कल मात्र कोणीही कशाचीही करू शके, आणि पुढे इनामांच्या चौकशीत असल व नक्कल यांतील भेदावर अनेक घराण्यांचे उत्पन्न अवलंबून राहिले.

कागदांची मांडणी : सुट्या फर्दांची जुडी, जुड्यांचे पुडके, पुडक्यांचा चौकोनी कापडात बांधलेला रुमाल आणि रुमालांचे मिळून दप्तर, अशी ही चढती श्रेणी होय. कापडाचे रुमाल महाराष्ट्राच्या हवेला मानवले. त्यातून हवा खेळते, कागदाच्या आकाराचे बंधन राहत नाही व गाठ सोडताच सर्व कागद एकदम पुढ्यात येतात. त्याचा दोषही तोच. गाठ सोडल्यावर कागदांचा क्रम बिघडला तर तो पुन्हा लावणे केवळ जुन्या कारकुनासच जमे. पेशवे दप्तरात आढळणारे रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा व पथके, शाहू दप्तर, आंग्रे दप्तर इ. विभाग पाहिले, तर काही कागद कालक्रमाने, काही प्रदेशाने, काही विषयाने, तर काही कोठून आले त्यावरून लावलेले दिसतात. एकच कागद चार ठिकाणी शोभू शकतो आणि ठेवता मात्र एकाच ठिकाणी येतो, ही अडचण त्या मांडणीने सोडविली नाही. सूची हाच तिच्यावरचा उपाय होता व तो फार उशिरा झाला.

१८१८ नंतर : दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दप्तराची आबाळ झाली. कारकून कामास येईनासे झाले व कागद घरोघर गेले. नाना फडणीसांचे स्वतःचे दप्तर वाईजवळील मेणवली येथील वाड्यात राहिले. त्यातील पुष्कळ कागद पुढे द. ब. पारसनीस यांच्याकडे आले आणि त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आला. पेशवाई संपल्यावर इंग्रजांना महसुलाची आकारणी करण्यासाठी जुन्या हिशेबांची गरज होती, म्हणून त्यांनी हुजूर दप्तर ताब्यात घेऊन लावले. १८५२ च्या अकराव्या अधिनियमानुसार इनाम कमिशनचे काम जोरात सुरू झाले, तेव्हा देशमुख-देशपांड्यांच्या घरची दप्तरेही तपासणीसाठी सरकारात गेली. ज्याच्या घरी सनद त्याचे इनाम, ही पूर्वीची समजूत; आता ज्याच्या दप्तरात नोंद त्याचा शब्द प्रमाण, असा न्याय झाला आणि ते दप्तर सरकारच्या कुलपात होते. दक्षिणेतील असंतोषाच्या कारणांत इनाम कमिशनचा उल्लेख होतो तो यामुळेच.

पुण्यात या कागदांसाठी दगडी इमारत १८९१ च्या सुमारास पूर्ण झाली. ‘एलिअनेशन ऑफिस’ किंवा बोलीत ‘पेशवे दप्तर’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तीस हजारांहून अधिक रुमाल तेथे आहेत व त्यांतील बहुसंख्य मोडीत आहेत [⟶ मोडी लिपि]. न्या. म. गो. रानडे यांच्यासारख्यांच्या आग्रहामुळे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिश्यांचे खंड विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले, पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. खाजगी घराण्यांतील कागद मिळविण्याचे काम वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतून केले. सरकारी संग्रह कुलपात आणि घरचे कागद माळ्यावर वाळवीच्या तोंडी, अशा स्थितीत हे संशोधक काम करीत होते.

गावाचा पत्ता : दप्तरातील कोणत्याही कागदाचा ठावठिकाणा वरून खाली उतरत सांगितला जाई : हुजूर, प्रांत, परगणा, तर्फ, गाव. संगणकातील संचिकेचा ‘पथ’ अशाच रीतीने लिहितात. पथ बदलला की वस्तू तीच असून सापडेनाशी होते, याचे उदाहरण म्हणून बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीजवळ असलेले साजगाव घेता येईल. खालापूर-कर्जतचा हा मुलूख पेशवाईत कल्याण प्रांतात मोडे. इंग्रजी अमदानीत तो ठाणे जिल्ह्यात गेला. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला तरी कर्जत तालुका ठाण्यातच राहिला व १८९१ मध्ये कुलाब्यास जोडला गेला. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. गाव जागचे हलले नाही. त्याचा पत्ता मात्र तीनदा बदलला. त्यामुळे या भागाची एकोणिसाव्या शतकातील माहिती कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही; ती ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या खंडात आहे. जमिनीचा जुना फेरफार शोधणाऱ्या शेतकऱ्यालाही हीच अडचण येते, फक्त त्याच्या बाबतीत प्रश्न कुतूहलाचा नसून वहिवाटीचा असतो.

साजगाव-ताकई येथील विठ्ठलमंदिर ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते व कार्तिकी एकादशीपासून तेथे मोठी यात्रा भरते. तेथील देवास ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. तुकाराम महाराज कोकणात मिरच्या विकण्यास येत, त्यांची उधारी लोकांनी बुडविली आणि विठ्ठलाने गावात बोंब ठोकून ती वसूल करून दिली, अशी आख्यायिका सांगतात. यात्रेतील सुक्या मासळीच्या बाजाराशीही लोक या नावाचा संबंध जोडतात. आख्यायिका ऐतिहासिक पुरावा नव्हे. परंतु लेखी खाते नसलेल्या उधारीच्या वसुलीसाठी धन्याच्या वतीने दुसऱ्या कोणी उभे राहावे लागते, ही व्यवहारातील जाण तिच्यात आहे. ज्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते, त्यांच्याच नावावर ही वसुलीची कथा यावी, यात लोकमानसाचा मिस्किलपणाही असेल. घाटाखालच्या या टापूत नाना फडणीसांचीही आठवण आहे. खोपोलीचे महादेवमंदिर व तलाव त्यांनी बांधविले.

आधुनिक कचेरी : इंग्रजी अमदानीत ‘फाइल’ आली व तिच्याबरोबर टिपणी, मसुदा, शेरा यांची नवी शिस्त आली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालयाने परिभाषेचे काम हाती घेतले आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर त्यास गती मिळाली. ‘फाइल’साठी नस्ती, संचिका व धारिका असे तीन शब्द पुढे आले. मंत्रालयात ‘नस्ती’ रूढ झाली, छापील मजकुरात ‘संचिका’ दिसते, आणि बोलण्यात सर्वत्र ‘फाइल’ आहे. राजव्यवहारकोशाच्या वेळी जे घडले तेच येथे घडले. ‘संगणक’ हा शब्द मात्र रुजला, कारण ती वस्तू व तिचे नाव लोकांपुढे जवळजवळ एकदमच आले.

दप्तराच्या प्रत्यक्ष मांडणीत १९८० नंतरच्या काळातील महत्त्वाचा प्रयोग अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी केला. प्रत्येक कारकुनाच्या टेबलावरील कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याची ही पद्धत असून त्यांत चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे वर्ग आहेत. अभिलेखांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्गीकरण मुदतीवर आधारलेले आहे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग तीस वर्षांचा, ‘ड’ सर्वांत अल्पायुषी. काय ठेवावे याइतकेच काय, केव्हा व कोणाच्या सहीने फाडावे हे ठरविणे ही दप्तरव्यवस्थेची खरी कसोटी होय. जुन्या दप्तरांत या बाजूचा विचार जवळजवळ नाही. तेथे वाळवी व आग हीच निवड करीत.

संगणकीय संचिका-व्यवस्था : निर्देशिकेत निर्देशिका व तिच्यात संचिका अशी वृक्षासारखी रचना १९६५ मध्ये अमेरिकेतील ‘मल्टिक्स’ प्रकल्पाच्या वर्णनात स्पष्टपणे मांडली गेली. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या ‘युनिक्स’ने ती सर्वत्र नेली. वाचणे, लिहिणे व चालविणे अशा तीन परवानग्या, आणि त्या धनी, त्याचा गट व इतर यांना निरनिराळ्या देण्याची सोय, हे युनिक्सचे वैशिष्ट्य. दरखदारांच्या योजनेशी याचे साम्य वरवरचे आहे. युनिक्समध्ये सर्वाधिकारी वापरकर्ता वाटेल ते करू शकतो. मामलेदारास ती मुभा नव्हती.

२०२२ नंतर मोठ्या भाषा-प्रारूपांवर आधारलेल्या प्रणालींचा प्रसार झाला. त्यांपैकी ज्या केवळ उत्तर न देता स्वतः पायरीपायरीने काम तडीस नेतात, संचिका उघडतात, त्यांत बदल करतात व नव्या निर्माण करतात, त्यांना इंग्रजीत ‘एजंट’ म्हणतात. मराठीत अभिकर्ता, कारक, प्रतिनिधी असे पर्याय संभवतात. परंतु ‘मुखत्यार’ हा शब्द अर्थाला अधिक चपखल आहे. मुखत्यारास अधिकार दुसऱ्याचा असतो, तो मुखत्यारपत्राने मर्यादित असतो, काढून घेता येतो आणि त्याच्या कृतीचे उत्तरदायित्व धन्याकडे राहते. ‘प्रतिनिधी’त ही मर्यादा ध्वनित होत नाही व ‘कारक’ शब्द व्याकरणाने अडवून ठेवला आहे.

अशा मुखत्यारांसाठी रचलेल्या संचिका-व्यवस्थेत काही कल्पना प्रमुख असतात. प्रत्येक मुखत्यारास स्वतंत्र कार्यक्षेत्र मिळते. तो तेथे हवे ते करो, मूळ भांडारास धक्का लागत नाही. हे चालते दप्तर. तपासून मान्य झालेले तेवढेच भांडारात जमा होते, हे एकबेरीज. ठरावीक क्षणी संपूर्ण स्थितीची प्रत धरून ठेवतात, म्हणजे चूक झाल्यास तेथवर मागे येता येते. वर्षातून एकदा निघणारा तर्जुमा बेरजेपुरते हे काम करी, पण त्यावरून मूळ कागद पुन्हा उभे करता येत नसत. संगणकात ते येतात, हा मोठा फरक. कोणी, केव्हा, काय बदलले याची क्रमवार व न पुसता येणारी नोंद ठेवली जाते. तीस ‘बारनिशी’ म्हणण्यास हरकत नाही. एका मूळ प्रतीपासून अनेक शाखा निघतात व पुन्हा मिळविल्या जातात. मिळविताना दोन शाखांत एकाच ओळीचा निराळा पाठ असेल तर निर्णय माणसास करावा लागतो. अशा निर्णयानंतरच्या मान्यतेस ‘रुजू’ हा जुना शेरा पुरेसा आहे. या संज्ञांना मराठीत अद्याप स्थिर पर्याय नाहीत. म्हणूनच नवे शब्द पाडण्यापूर्वी जुन्या दप्तरात डोकावणे श्रेयस्कर.

या व्यवस्थांपुढील सर्वांत कठीण प्रश्न आज्ञा व मजकूर यांत भेद करण्याचा आहे. मुखत्यार एखादी संचिका माहितीसाठी वाचतो. तिच्यात कोणी ‘अमुक संचिका पुसून टाक’ असे लिहून ठेवले असेल तर ती धन्याची आज्ञा समजून तो तसे करून बसण्याचा संभव असतो. भाषा-प्रारूपापुढे सर्वच शब्द एका ओळीत येतात. मराठी दप्तरात हा प्रश्न शब्दांच्या अर्थावर सोडलेला नव्हता. पत्रात कितीही आज्ञार्थी क्रियापदे असली तरी शिक्का, मोर्तब व नोंदीचे शेरे यांवाचून ते पत्र अंमलात येत नसे. त्याच वेळी शिक्के करून देणारे बनावट कागदही पैदा झाले, हेही खरे. तरीही अधिकार मजकुराबाहेर, वेगळ्या खुणेत ठेवण्याची कल्पना योग्य दिशेची आहे आणि आजचे तंत्रज्ञही परवानग्या संचिकेच्या मजकुरात न ठेवता व्यवस्थेकडे ठेवू लागले आहेत.

महाराष्ट्रात हा विषय केवळ तात्त्विक राहिलेला नाही. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या अभिलेखांतील मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी वाढली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी ही लिपी वाचू शकणारी माणसे आता थोडी आहेत व रुमाल असंख्य आहेत. त्यामुळे यंत्राकडून वाचन करून घेण्याचे प्रयत्न साहजिक होत. मोडीत ओळ आधी आखून तिला अक्षरे लटकवितात, शब्द सहसा तोडत नाहीत व ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. एका अक्षराच्या चुकीच्या वाचनाने गावाचे, जातीचे किंवा कुळाचे नाव बदलू शकते आणि ते सूचीत शिरले की पुढचे सर्व शोध त्याच चुकीवरून होतात. म्हणून अशा कामात मूळ कागदाची प्रतिमा ‘असल’ म्हणून अस्पर्श ठेवावी, यंत्राने केलेले लिप्यंतर तिच्याशी जोडलेली ‘तालीक’ म्हणून वेगळे ठेवावे, ते कोणत्या यंत्राने व केव्हा केले हे त्यावर नोंदवावे आणि मोडीज्ञाने तपासल्यावरच त्यावर ‘रुजू’ पडावे. जुना पथ व नवा पथ हे दोन्ही सूचीत असणेही तितकेच आवश्यक आहे. साजगावाचा १८८५ चा कागद ठाणे व रायगड या दोन्ही नावांखाली सापडला पाहिजे.